मागच्या बाईंच्या सावल्या

गेल्या वर्षीचा मार्च महिना, दुसरा शनिवार, सकाळचे साडेदहा. रक्कम दोन हजार आठशे साठ डॉलर, म्हणजे प्रत्येकी चौदाशे तीस. हजर मी, माझी बायको वृंदा, माझे वडील, कुंपणवाला आणि मागच्या बाई. वादळात आमचं मागचं कुंपण आडवं झालं होतं आणि इथल्या पद्धतीप्रमाणे नव्या कुंपणाचा खर्च दोन्ही घरांनी निम्मा-निम्मा उचलायचा होता. मी तीन कोटेशनं मागवून त्यांचा तक्ता केला होता. बाईंनी तक्त्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडेही पाहिलं नाही. माझ्या डाव्या पायाजवळच्या जमिनीकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि मग कुणाचं तरी म्हणणं पटल्यासारखी मान हलवून म्हणाल्या, "बरं." मी खाली पाहिलं. तिथे माझ्या सावलीखेरीज काहीही नव्हतं. क्वेकर्स हिल या उपनगरात मी एकोणीस वर्षं राहतो आहे, हरतऱ्हेचे शेजारी पाहिले आहेत, पण इतकं सभ्य आणि तरीही इतकं अंगावर काटा आणणारं माणूस मी उभ्या आयुष्यात दुसरं पाहिलेलं नाही.

बाई मंगोलियाच्या. वय पासष्टीच्या पुढे, उंची जेमतेम पाच फूट, चेहरा रुंद आणि उन्हाने भाजलेला. उलानबातरला त्यांनी आयुष्यभर तैलचित्रं काढली आणि शिकवली. नवरा गेल्यावर मुलीने त्यांना इकडे आणलं. मुलगी हॉस्पिटलात शिफ्टला, जावई पर्थकडच्या खाणीत पाळीपाळीने. म्हणजे घरात बहुतेक वेळ या एकट्याच. त्यांचं नाव आम्हाला शेवटपर्यंत नीट उच्चारता आलं नाही, म्हणून आमच्या घरात त्या 'मागच्या बाई' झाल्या. इंग्रजी मोजकं बोलायच्या, पण त्यात अडत नसत. कुंपण ठरलं तेव्हा त्यांची एकच अट होती, त्यात एक फाटक हवं.

"फाटक कशाला?" मी विचारलं. "तीनशे दहा डॉलर जास्तीचे पडतील."

"येणाऱ्याला," बाई म्हणाल्या.

"कोण येणार आहे?"

त्यावर त्यांनी पुन्हा माझ्या पायाजवळ पाहिलं आणि तीनशे दहा डॉलर आपल्या खिशातून कुंपणवाल्याच्या हातावर ठेवले.

चित्र काढायची त्यांची रीत अशी होती की पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटावं, कपडे वाळत घालताना बाईंच्या डोक्यावर परिणाम झाला. इथल्या जुन्या घरांमागे कपडे वाळवायची एक मोठी लोखंडी छत्री असते, वाऱ्याने गोल फिरणारी. बाई आपला कॅनव्हास त्या छत्रीच्या एका दांडीला दोरीने बांधायच्या. वारा आला की छत्री फिरे, छत्रीबरोबर चित्र फिरे आणि चित्राबरोबर हातात ब्रश घेऊन बाई. वारा वाढला की त्या पावलं जलद टाकत. वारा पडला की जिथे असतील तिथे थांबत. ज्या दिवशी वारा नाही त्या दिवशी चित्र नाही. "वारा नसला तर गवत मेलेलं," असं त्या म्हणायच्या. आमचं मागचं डेक, म्हणजे लाकडी ओटा, थोडं उंचावर असल्याने तिथे चहाला बसलं की कुंपणापलीकडचं सगळं दिसायचं. दुपारच्या लख्ख उन्हात ते चित्र सावकाश वळत असे. आधी नुसतं पाठीमागचं कोरं कापड, मग कड, मग गवताचा एक पट्टा, मग त्या गवतात उभी असलेली माणसं. ती माणसं एकेक करून प्रत्येक घराच्या खिडकीत बघत बघत पुढे जायची. आमची कन्या ईशा सोडून सगळ्यांनी त्या बाजूचे पडदे ओढून घेतले होते. ईशा अकरावीत आहे. तिचं म्हणणं, "बाबा, शी इज जस्ट पेंटिंग. चिल."

चित्रांत मुख्य गोष्ट म्हणजे गवत. त्यासाठी बाईंनी अंगणाचा अर्धा भाग कमरेएवढा वाढवला होता. मी त्यांना सांगितलं, या भागात विषारी साप निघतात. त्या म्हणाल्या, "त्याला माहीत आहे." सापाला काय माहीत आहे ते सांगितलं नाही. चित्रातली माणसं मात्र आमच्याच रस्त्यावरची असायची. गवत क्वेकर्स हिलचं, गमट्री, म्हणजे इथला निलगिरी, तोही आमच्याच कोपऱ्यावरचा, आणि त्यात पार्सल देणारी गोरी मुलगी किंवा दुधाच्या दुकानातला लेबनीज म्हातारा मंगोलियन पद्धतीचा लांब डगला घालून, कमरेला रंगीत पट्टा बांधून उभा. सगळ्यांना तोच पोशाख. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "वारा थंड आहे." त्या दिवशी अडतीस डिग्री होतं.

सकाळी सातला बाई हातात लाकडी चमचा घेऊन बाहेर यायच्या आणि चारी दिशांना दूध उडवायच्या. आकाशाला, डोंगराला, पूर्वजांना. त्यातलं थोडं आमच्या सोलर पॅनलवर पडत असे. पॅनलवर डाग पडला की वीज कमी तयार होते हे मी त्यांना समजावून सांगायला निघालो आणि निघण्याआधी, महिन्याला साधारण दोन लिटर दूध वाया जातं, हेही मनाशी काढून ठेवलं होतं.

वृंदा म्हणाली, "तू श्रावणात पिंडीवर ओततोस ते कधी मोजलंस का?"

"ते वेगळं."

"वेगळं कसं? तिकडे पिंड आहे, इकडे तुझं पॅनल आहे."

मी गेलो नाही. पॅनल दर पंधरवड्याला पुसू लागलो. पण एक गोष्ट इथे नोंदवायला हवी. ज्या पॅनलवर दूध पडत होतं ते शिडी लावून मी पुसायचो आणि पुसताना सहज पलीकडे पाहिलं तर बाई गवतात उभ्या असायच्या. दर वेळी. हातात ब्रश नसायचा. त्या माझ्याकडे नाही, शिडीच्या पायथ्याशी पाहत असायच्या.

वृंदाने पहिल्या महिन्यात शंकरपाळ्यांचा डबा पाठवला. डबा रिकामा परत करायचा नाही ही आपली रीत, ती त्यांच्याकडेही निघाली. डब्यातून वाळवलेल्या दह्याचे तुकडे आले, पांढरे, आंबट आणि फरशीइतके कडक. आम्ही तिघांनी एकेक तोंडात घालून हळूच बाहेर काढला. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कवळी काढून ठेवली आणि एक तुकडा दुपारभर चघळला. मग त्यांनी फाटक उघडलं आणि पलीकडे गेले. आई गेल्यानंतर सात महिन्यांत दादा आपणहून कुठे निघाले असं ते पहिल्यांदाच घडलं. तेव्हापासून त्यांचा रोजचा परिपाठ ठरला. जेवण झालं की बाईंकडे, उलट्या ठेवलेल्या क्रेटवर, उन्हं उतरेपर्यंत. दादा मराठीत बोलायचे, बाई मंगोलियनमध्ये. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता आणि दोघं कधी थांबत नव्हते.

"काय बोलता हो दादा इतकं?" वृंदाने एकदा विचारलं.

"त्यांच्या घोड्याबद्दल चाललं होतं आज."

"तुम्हाला कसं कळलं घोड्याबद्दल आहे ते?"

"अगं, लंगडत होता ना तो," दादा म्हणाले, त्यात विचारण्यासारखं काय आहे, अशा सुरात.

आता मुख्य गोष्ट. बाई माणसाच्या आधी सावली काढायच्या. गवत झालं, आकाश झालं, की गवतावर कुणाची तरी सावली पडलेली असायची आणि सावलीच्या टोकाला कुणी नसायचं. मग त्या थांबायच्या. ज्याची सावली असेल तो येईपर्यंत चित्र गराजमध्ये, तोंड भिंतीकडे करून. तिथे अशी सावल्यांची नऊ-दहा चित्रं होती. एक तर उलानबातरहून येताना बरोबर आणलेलं, अकरा वर्षांचं. रोज सकाळी बाई गराजचं दार उघडून त्यांच्याशी चार शब्द बोलत, आपण प्लॅटफॉर्मवर बसलेल्या पाहुण्यांना गाडी लेट असल्याचं सांगतो त्या आवाजात.

आणि माणसं यायची. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. पार्सलवाली मुलगी एकदा सही घ्यायला मागे आली, छत्रीवर फिरणारं चित्र पाहिलं आणि हातातलं खोकं खाली ठेवून म्हणाली, "हे... मी आहे का?" गवतावर एका खांद्याला बॅग लावलेल्या बाईची सावली होती. बाईंनी ब्रश उचलला आणि अर्ध्या तासात ती मुलगी चित्रात उभी केली. कोपऱ्यावरच्या घरात एक म्हातारा लॅब्राडोर होता. एका दुपारी तो स्वतःहून रस्ता ओलांडून त्यांच्या अंगणात गेला, चित्रासमोर जाऊन दोन वेळा स्वतःभोवती फिरला आणि गवतात अगदी तसा बसला, की त्याच्याआधी काढलेली सावली त्याला तंतोतंत जुळली. वर डेकवर आम्ही चहा पीत होतो. वृंदाने माझ्या कपात चहा ओतला तो बशीत गेला.

महिन्याभरात पार्सलवालीची बदली झाली. लॅब्राडोर हिवाळ्याच्या तोंडावर गेला. दुकानातल्या म्हाताऱ्याने दुकान विकलं. मी मनाशी आकडा धरला. बाई इथे आल्यापासून त्यांनी पुरी केलेली माणसं, कुत्रं धरून, सहा. त्यांतले पाच आता आमच्या रस्त्यावर नव्हते. सहाव्याच्या घरावर 'विकणे आहे' अशी पाटी लागली होती.

"अरे, इथे निम्मा रस्ता भाड्याने राहतो," वृंदा म्हणाली. "लोक जातातच. आणि चौदा वर्षांचं कुत्रं आणखी किती जगणार होतं?"

ते बरोबरच होतं. एकेकाचं कारण पाहिलं तर प्रत्येक कारण पटण्यासारखं होतं. मी पेरोलमध्ये काम करतो, बेरीज करायची सवय आहे. ती नसती तर बरं झालं असतं.

जूनमध्ये बाईंनी नवं चित्र लावलं. त्यात पहिल्यांदाच आमचं घर आलं होतं. समोर उंच गवत, मागे आपलं नवं कुंपण, त्याच्यावर आमचं छप्पर आणि छपरावर अठरा पॅनल, अगदी मोजून अठरा. आणि गवतावर एक सावली. लांब, किंचित वाकलेली, एक खांदा खाली. ती चित्रातल्या आमच्या घराकडून निघून बघणाऱ्याच्या पायापर्यंत आली होती.

मला काय खटकतंय हे समजायला मला दोन दिवस लागले. मग मी फाटकातून गेलो आणि बाईंना म्हणालो, "ही सावली चुकली आहे."

"नाही."

"तुमच्या अंगणातून आमचं घर दक्षिणेला. इथे दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडून येतो. दुपारी सावली आमच्या घराकडे पडायला पाहिजे, तुम्ही ती घराकडून इकडे पाडली आहे. ही सावली सांगलीत अशी पडेल. तुमच्याकडे मंगोलियातही पडेल. इथे नाही. माझी पॅनल बघा, सगळी उत्तरेला तोंड करून आहेत. सूर्य तिकडे गेला तर माझं वीजबिल दुप्पट होईल. मी एकोणीस वर्षं राहतोय इथे, मला माहीत आहे."

"राहतोस, हो," बाई म्हणाल्या. त्यांनी चित्राकडे प्रेमाने पाहिलं. "सावली बरोबर आहे. तो अजून इथे आला नाही."

दादा क्रेटवर बसले होते. त्यांनी काठी टेकून उठून, चष्मा वर-खाली करून ती सावली नीट न्याहाळली. आणि त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद आला तो मी आई असताना पाहिला होता, त्यानंतर नाही.

"मिल्या," ते म्हणाले, "ही माझी आहे रे."

दादांना परत जायचं होतं. हे आमच्या घरातलं दुखणं तोवर सहा महिन्यांचं झालं होतं. सांगलीतला फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, बायपास झालेली, तिथे बघायला कुणी नाही. मी सगळी कारणं क्रमाने सांगत असे आणि ते ऐकून घेत असत.

"संध्याकाळी कट्ट्यावर चौघं वाट बघतात माझी," ते म्हणायचे.

"त्यातले दोघं गेले, दादा."

"म्हणूनच म्हणतो. उरलेल्या दोघांत पत्ते कसे खेळायचे?"

त्या संध्याकाळी त्यांनी माझ्याकडून शब्द घेतला. या चित्रात आपण आलो, की तिकीट काढायचं, एकमार्गी, आणि मग वाद घालायचा नाही. मी हो म्हणालो. अकरा वर्षं थांबलेलं चित्र मी गराजमध्ये पाहिलं होतं. मला वाटलं, बिनव्याजी मुदत मिळाली. रात्री अंथरुणावर पडल्यावर बेरीज आठवली. सहातले पाच. त्यांतला एक काही बदली होऊन गेला नव्हता.

त्यानंतर चार महिने मी ज्या गोष्टी केल्या त्या वृंदा अजून पाहुण्यांना सांगते. दुपारी वारा सुटला की मी दादांना गाडीत घालून लायब्ररीत नेत असे. घरून काम असलेल्या दिवशी मी जेवणाची वेळ तासभर पुढे ढकलत असे. बाईंना भर वाऱ्यात चहाला बोलवत असे, म्हणजे त्या चित्रापासून दूर राहतील, आणि त्या आमच्या स्वयंपाकघरात बसून माझ्या खुर्चीखाली बघत राहत. एकदा तर मी गवत कापायचं यंत्र ढकलत फाटकातून आत गेलो. सापांचं निमित्त होतंच. गवतच नसेल तर चित्र कशाचं?

बाई यंत्राच्या पुढे येऊन उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही.

"कापलंस, तर तो कुठे उभा राहील?"

"कोण?"

त्या माझ्याकडे, म्हणजे या वेळी खरंच माझ्या तोंडाकडे, पाहत होत्या. तसं त्यांनी आधी कधी पाहिलं नव्हतं. भर दुपारी मला मानेवर गार लागलं. यंत्र बंद केलं आणि उलटं ओढत परत आलो. मागून दादा म्हणाले, "अरे, आलाच आहेस तर बस की जरा." मी बसलो नाही. कुंपणाशी थोडा वेळ थांबलो, पॅनलांकडे पाहिलं, घरात आलो.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी वायव्येकडून तो कोरडा, गरम वारा सुटला. लायब्ररी बंद होती. आम्ही चौघंही डेकवर होतो. पलीकडे बाई कुठे दिसत नव्हत्या, पण चित्र दांडीला होतं आणि छत्री कुरकुरत फिरत होती. पहिल्या फेरीत गवत दिसलं, आमचं छप्पर दिसलं. मग कोरं कापड. दुसऱ्या फेरीत गवतात माणूस होता.

वारा एकदम पडला. छत्री आणखी थोडी सरकली आणि चित्र बरोबर आमच्याकडे तोंड करून थांबलं.

निळा डगला, नारिंगी पट्टा. ऊन त्याच्या पाठीमागून, आमच्या छपरावरून येत होतं, त्यामुळे चेहरा सगळा काळोखात. नाक-डोळे काढलेलेच नव्हते. एक हात कमरेवर. डावा खांदा खाली. चित्रात वारा होता, गवत सगळं एका बाजूला झुकलं होतं, आणि आमच्याकडे पान हलत नव्हतं.

"बाबा," ईशा हळूच म्हणाली, "दॅट्स यू."

"काहीतरीच. मी उभ्या आयुष्यात नारिंगी काही घातलेलं नाही."

"खांदा बघ, मिलिंद," वृंदा म्हणाली. ती मला नावाने क्वचित हाक मारते. "तूच आहेस."

दादा उठले, पायऱ्या उतरले, फाटकातून पलीकडे गेले. आम्ही मागोमाग. बाई गवतात खाली बसून ब्रश पुसत होत्या. मी त्यांना विचारलं, मी इथे कधी उभा राहिलो?

"रोज," बाई म्हणाल्या. "शिडीवर. फाटकात. यंत्र घेऊन. येतोस, मोजतोस, जातोस. आज मी पाहिलं, आला." मग चित्राकडे बोट दाखवून, माझी समजूत घालावी तसं म्हणाल्या, "ऊन तिकडचंच आहे. राहू दे. त्याला चालतं."

वाकलेली सावली म्हणजे म्हातारा, असं आम्ही सगळ्यांनी धरून चाललो होतो. मी एकावन्न वर्षांचा आहे आणि दिवसाचे नऊ तास कॉम्प्युटरपुढे वाकून बसतो, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

दादा चित्राच्या इतके जवळ गेले की नाकाला रंग लागला असता. "डावा खांदा," ते म्हणाले. "शाळेतून दप्तर घेऊन यायचा तेव्हा असाच यायचा. मी म्हणायचो तुझ्या आईला, दप्तर जड आहे पोराचं." मग ते क्रेटवर बसले. बाईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि आपल्या भाषेत काही सांगितलं. दादांनी मान डोलावली.

"मिल्या, तिकीट काढ."

"दादा, आपलं ठरलं होतं, तुम्ही चित्रात आलात तर. तुम्ही कुठे आलात?"

"नाही आलो. म्हणूनच दोन काढ. मी आणि तू. जानेवारीत, थंडी असते."

"दोन? एकमार्गी?"

"परतीची. माझं परतीचं काढ किंवा नको काढूस, तुझं मात्र नक्की काढ." त्यांनी बोटाने ते चित्र दाखवलं. "मी सावली बघितली आहे तुझी. तू तिथे गेलास की यायचा नाहीस. मला तुला धरून परत आणावं लागेल."

वृंदा हसली, मग तिला रडू आलं, मग ती चहा टाकायला निघून गेली. ईशा म्हणाली, "आजोबा, यू आर सो एक्स्ट्रा." दादांना ते काय ते कळलं नाही, पण स्तुती आहे असं त्यांनी धरलं.

जानेवारीत आम्ही सांगलीला सहा आठवडे राहिलो. कट्ट्यावर पत्ते झाले. चौथा गडी म्हणून मी बसायचो आणि रोज हरायचो. एका दुपारी गच्चीवर कपडे काढायला गेलो असताना मी सहज खाली पाहिलं. सावली माझ्या पायापासून उत्तरेला पडली होती, जशी पडायला हवी तशी. मी किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. मागून दादांचा आवाज आला, "चल खाली. विमान परवाचं आहे." आम्ही दोघंही परत आलो. दादांनी कट्ट्यावर सांगून ठेवलं आहे की दर जानेवारीत दोन गडी येतील, तोवर उरलेल्यांनी जपून राहावं.

आलो तेव्हा बाईंचं सामान बांधून झालं होतं. जावयाला खाणीजवळच घर मिळालं होतं, सगळे पर्थकडे निघाले होते. ज्यांच्या सावल्या अजून थांबल्या होत्या ती चित्रं एकमेकांकडे तोंड करून चादरीत गुंडाळली होती. त्या घरात आता एक तरुण जोडपं आलं आहे. चांगली मुलं आहेत, दर रविवारी गवत कापतात, कचऱ्याचे डबे वेळेवर बाहेर ठेवतात. दादा एकदा फाटकापर्यंत गेले, बरं दिसतंय म्हणाले आणि परत आले. दुपारचा वारा सुटला की ते अजून डेकवर येऊन बसतात आणि मराठीत काहीतरी बोलतात. मधेमधे थांबतात. कुणाचं तरी ऐकून घेतल्यासारखे. मी विचारत नाही.

जायच्या दिवशी सकाळी बाई ते चित्र घेऊन आमच्या दारात आल्या, या वेळी मागच्या नाही, पुढच्या. मी किंमत विचारली. मी बऱ्याच मोठ्या आकड्याची मनाची तयारी करून ठेवली होती, आणि घासाघीस करायची नाही असंही ठरवलं होतं. बाईंनी चित्र भिंतीला टेकवलं, मागे सरकून पाहिलं, ओठांतल्या ओठांत काही मोजलं आणि बोट गवतावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं.

"एवढ्याचे," त्या म्हणाल्या.

मी आकाशाचं विचारलं, त्या हसल्या. मी निळ्या डगल्यातल्या माणसावर बोट ठेवलं, तेव्हा त्यांनी माझा हात हळूच बाजूला केला, कारण रंग तिथे अजून ओला होता.

दोनशे वीस डॉलर, रोख, मागच्या बाईंना. गवताचे. माणसाचे त्यांनी काही लावले नाहीत.